पांडवांतला थोरला, उजवा कोपरा

गोदाकाठच्या आमच्या सहकारी कारखान्यावर मी अकरा हंगाम मास्तरकी केली. ऊसतोड्यांच्या लेकरांची शाळा चालवायची आणि जानेवारीत टोळ्यांच्या कबड्डी सामन्यांना पंच म्हणून उभं राहायचं. शाळेचा पगार मिळायचा, पंचगिरीच्या शिव्या मिळायच्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त शिव्या एकट्या भिवराबाईच्या.

भिवराबाई नारायणगडाच्या पायथ्याकडच्या टोळीतली. वय तिसाच्या पुढं, अंगानं काटक, आणि आवाज असा की कारखान्याचा भोंगा बिघडला तरी पाळी बदलायचं काम अडलं नसतं. दिवसभर नवऱ्याच्या मागं उसाच्या मोळ्या बांधायची. सामना असला की रिकाम्या बैलगाडीत चढून उभी राहायची आणि तिथून आपल्या टोळीच्या सातही गड्यांना खेळवायची. कर्णधार शहादेव नावापुरता होता, हे त्यालाही मान्य होतं.

आमची ओळख झाली ती नावं लिहिताना. पहिल्या वर्षी शहादेव गाडी घेऊन वजनकाट्यावर गेलेला, म्हणून संघाची यादी द्यायला ही आली. उत्तरेश्वर, शहादेव अशी सहा नावं तिनं धडाधड सांगितली आणि गप्प बसली.

"सातवा?" मी विचारलं.

"उजवा कोपरा."

"नाव काय त्याचं?"

"आता कसं सांगू, गुर्जी? आमचे ह्येच हायती ते."

"अहो बाई, वहीत 'आमचे हे' कसं लिहू?"

तिनं पदर दाताखाली धरला, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाली, "पाच पांडवांतला थोरला लिव्हा."

मी युधिष्ठिर लिहिलं. सामन्याच्या वेळी युधिष्ठिर म्हणून हाक मारली तर कुणी येईना. शेवटी शहादेवनं हसत हसत सांगितलं, "गुर्जी, धर्मराज हाय त्यो." भिवराबाईनं नवऱ्याचं नाव जन्मात एकदाच घेतलं होतं. लग्नात, उखाण्यात, तेही करवल्यांनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर 'आवो' आणि 'ह्ये' यांवरच संसार चालला होता.

संसाराला ते पुरतं. कबड्डीला पुरत नाही.

बाकीच्या सहांना ती नावानं सोलून काढायची. उत्तरेश्वर चढाईला गेला की, "उत्तऱ्या, मध्यरेषा दिसली की घर दिसल्यावानी कावून पळतूस बे? शिवून ये आधी!" शहादेवला, "दाजी, कप्तान हायसा तुमी, लग्नात आल्यावानी उभं नका राहू!" आणि बाजूला बसणारा राखीव गडी पंडित याच्याबद्दल शेजारच्या बायकांना, "पोरगं घोरपड हाय, घोरपड. एकदा घोटा धरला की सुटत न्हाई. पर बसून बसून बूड घासतंय त्याचं." एवढं सगळं झाल्यावर नवऱ्यावर वेळ आली की बाईची गाडी 'आवो'वर अडायची. "आवो, मागं!" म्हणून ती ओरडली की मैदानाभोवतीचे आणखी चार-पाच नवरे मागं सरकायचे. एकदा ती "आवो, वाका!" म्हणाली आणि रसवंतीवाला सुद्धा वाकला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता त्या वर्षाचं सांगतो. शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा हंगाम. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. माझं गाव पाली. तिथल्या बिंदुसरा नदीच्या धरणात तेव्हा पाण्यापेक्षा गाळ जास्त दिसत होता. कारखान्यालाही ऊस पुरेना. दुपारी दोन वाजताच ऊस टाकायची गव्हाण रिकामी पडायची आणि गाळप थांबलेल्या कारखान्यात चिमण्या ऐकू यायच्या. पट्टा लवकर पडणार, म्हणजे हंगाम लवकर संपणार, पुढच्या वर्षी कारखाना पेटेल की नाही कुणालाच ठाऊक नाही, असं सगळे बोलत होते. मैदानावर शिंपडायला पाणी नव्हतं. टँकर यायचा तो पिण्यापुरता. चुना मिळेना म्हणून भट्टीच्या राखेनं रेषा मारल्या. पहिल्या झटापटीतच रेषा उडाल्या आणि पंचाचं काम अंदाजपंचे झालं, ज्याबद्दल मला गाडीतून जे काय ऐकावं लागलं ते इथं लिहिता येत नाही.

नारायणगडची टोळी तीन वर्षं ओळीनं अंतिम सामन्यात हरली होती. आष्टीकडच्या एका टोळीनं तीनदा कप नेला. पितळेचा वीतभर कप. पण भिवराबाईचा त्यात जीव अडकला होता. "औंदा न्हाई तर कवाच न्हाई, गुर्जी," ती मला म्हणाली होती. "पुढल्या साली कोन कुठल्या कारखान्याला जाईल, कुनाला ठावं."

उपांत्य सामना त्यांनी एका गुणानं जिंकला, तोही रडतखडत. उजव्या कोपऱ्यातून चार गुण गेले. धर्मराजचा डावा गुडघा दोन वर्षांपासून धरत होता. चढाईवाला त्याच्या अंगावर यायचा, याचं डोकं झेपावायचं आणि गुडघा मागंच राहायचा. सगळ्यांना दिसत होतं, पण टोळीत तो वडीलधारा. बोलणार कोण?

सामना झाल्यावर तिथंच गाड्यांच्या सावलीत सगळे पाणी पीत बसले होते. मी वही आवरत होतो. शहादेव नुसताच मातीवर रेघा ओढत होता. तेवढ्यात भिवराबाई गाडीतून खाली उतरली आणि म्हणाली, "परवाच्याला ह्यांना बसवा. पंडितला घ्या."

धर्मराजनं तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं आणि उठून बैलांकडं गेला. मला बाईचा रागच आला. खरं बोलायलाही जागा-वेळ असते की नाही?

दुसऱ्या दिवशी लेकरं शाळेत आली नाहीत म्हणून मी नारायणगडच्या टोळीच्या फडात गेलो. सकाळचं कोवळं ऊन होतं. हा पुढं कोयता चालवतोय, ही मागं पाचट सोलून मोळ्या बांधतेय, आणि दोघांत अवाक्षर नाही. मोळी बांधायला उसाच्या शेंड्याचं वाढं हवं तर ती उसाला म्हणायची, "वाढं पायजे हुतं." तो कोयत्याला उत्तर द्यायचा. मी बांधावर टेकलो तसा धर्मराज जवळ येऊन बसला आणि तंबाखू मळायला लागला.

"गुर्जी, तिचं बरूबर हाय," तो म्हणाला. "चुकीचं असतं तर भांडलो असतो. बरूबर हाय म्हनूनच दुखायलंय."

तो पुन्हा कामाला लागल्यावर ती पाण्याच्या निमित्तानं आली.

"काय म्हनत व्हते?"

"तुझं बरोबर आहे म्हणाला."

ती विळ्याच्या मुठीवरची माती खरवडत राहिली. मग म्हणाली, "गुर्जी, गडाच्या जत्रंत मी ह्यांना पैल्यांदा बघितलं. खेळायले व्हते. एकटे ऱ्हायले व्हते मैदानात आन् समोर सात. मी बापाला सांगितलं, द्यायची तर ह्याच घरी द्या. मला कबड्डी कुठं ठाव होती? ह्यांच्यापाई शिकले. आन् आता मीच बसवा म्हनले." तिचे डोळे भरले. मी उगाच तिची एक सुटलेली मोळी बांधायला घेतली. मास्तरांना नेहमी बोलायला सुचतं हा लोकांचा गैरसमज आहे.

अंतिम सामन्याला सगळ्या टोळ्या लोटल्या. ऊस नसल्यानं कुणाला काम नव्हतं. धर्मराज शर्ट न काढता बाजूच्या पोत्यावर बसला. भिवराबाई गाडीत चढली, पण त्या बाजूला मान वळवेना.

पंडित खरंच घोरपड निघाला. त्यानं आष्टीवाल्यांचे तीन गडी घोट्यात पकडले. उत्तरेश्वरही त्या दिवशी घराकडं न पळता शिवून आला. पण समोरचा संघ कच्च्या गुरूचा चेला नव्हता. हिरव्या बनियनमधला त्यांचा एक उंच गडी येई आणि एकेक टिपून नेई. शेवटची पाच मिनिटं उरली आणि एका ओढाताणीत पंडितचा खांदा उतरला. त्याला बाहेर नेलं. शहादेवनं पोत्याकडं पाहिलं, मग गाडीकडं पाहिलं. भिवराबाईनं होकाराची मान हलवली. धर्मराजनं शर्ट काढला, माती कपाळाला लावली आणि उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

मी घड्याळ पाहिलं तेव्हा गुण समसमान होते आणि अर्धं मिनिट उरलेलं. नारायणगडचे दोनच गडी मैदानात, शहादेव आणि धर्मराज. शेवटची चढाई आष्टीची. हिरवा बनियन आत आला. एकाला शिवून परतला तर कप त्यांचा, इथंच धरला गेला तर कप नारायणगडचा. इतकं सरळ होतं.

हिरव्यानं शहादेवला एका बाजूला ओढलं, धुरळा उडवला आणि गर्रकन धर्मराजच्या पाठीकडं वळला. धर्मराजला तो दिसत नव्हता. गाडीतून सगळं दिसत होतं.

"आवो! आवो, डावीकडं!"

पण त्या वेळी दोन्ही बाजूंच्या शे-दीडशे बायका आपापल्या 'आवों'ना ओरडत होत्या. सगळं मैदान आवोमय झालेलं. धर्मराजला त्यातली आपली कोणती ते कळेना. हिरव्याचा हात पुढं येत होता. आणि मग गाडीतून आवाज फुटला,

"धर्मराज! घोटा!"

शंभर बायका एकदम चूप झाल्या. शपथ सांगतो, हिरव्याचंही 'कबड्डी कबड्डी' क्षणभर अडखळलं. घोटा अगदी हाताशी होता. तिनं सांगितलं ते अचूक होतं, एक बोटही इकडंतिकडं नाही. धर्मराजनं फक्त वाकायचं होतं.

तो वाकला नाही. तो वळला आणि गाडीकडं बघत राहिला. मिशीखाली तोंड उघडं, दोन्ही हात खाली. लग्नानंतर सोळा वर्षांनी आपलं नाव त्या तोंडून ऐकल्यावर माणसाला घोटा कुठला दिसतोय! हिरव्यानं त्याच्या पाठीवर सावकाश थाप मारली आणि चालत चालत मध्यरेषा ओलांडली.

मी शिट्टी फुंकली. तसलं जड काम मी पंचगिरीत दुसरं केलं नाही.

आष्टीवाले नाचायला लागले. उत्तरेश्वर धावत आला, "काका, कावून मागं बघितलंत? हातात आलता की त्यो!"

"हाक आली ना," धर्मराज म्हणाला. तो अजून गाडीकडंच बघत होता आणि, देवाशपथ, हसत होता.

मी शिव्यांसाठी अंग चोरून उभा राहिलो. भिवराबाई गाडीतून उतरली, माझ्यापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "गुर्जी, लिव्हा. त्यो बाद न्हाई. मी बाद." पंचाच्या वहीत बघणाऱ्याची चूक लिहायला जागा नसते, हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं. ती तिथंच खाली बसली आणि पदरानं तोंड झाकून रडायला लागली. "तीन साल वाट बघितली. आन् माझ्याच तोंडानं घालवला."

धर्मराज लंगडत आला, तिच्याशेजारी मातीत बसला. एवढ्या माणसांत तो बायकोजवळ बसला हेही त्या टोळीत नवलच. "रडतीस कावून? पितळंचा तर व्हता," तो म्हणाला. आणि मग हळूच, "पुन्यांदा म्हन की."

"मरा तिकडं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून धर्मराजला एक रोग जडला. त्याला 'आवो' ऐकू येईना. जेवायला आवो, नाही. बैल सुटलाय आवो, नाही. बाकी सगळं ऐकू यायचं; फडाच्या दुसऱ्या टोकाला कुणी चहा म्हटलं तरी यायचं. शहादेवनं औषध काय म्हणून विचारलं तर म्हणे, "औषिद तिच्यापाशी हाय, देईना झालीय." भिवराबाई जळफळायची, शेजारच्या लेकराला पाठवून निरोप द्यायची, पण नाव घेईना. टोळीनं पैजा लावल्या. कप गेल्याचं दुःख आठवड्यात कुणाच्या लक्षातही राहिलं नाही, तिच्याशिवाय.

फेब्रुवारीच्या अखेरीस पट्टा पडला. भोंगा लांबलचक वाजला आणि बंद झाला. टोळ्या ट्रकांत चढायला लागल्या. भांडी, कोयते, कोंबड्या, लेकरं सगळं भरून नारायणगडचा ट्रक गुरगुरत उभा होता आणि धर्मराज माझ्याशी निरोपाचं बोलत रेंगाळला होता. पुढचा हंगाम होईल की नाही माहीत नव्हतं.

"आवो!" ट्रकातून हाक आली.

त्यानं माझ्याकडं बघून डोळा बारीक केला आणि पटक्याचा सोगा नीट करत राहिला.

"आवो, ट्रक निघालाय!"

त्यानं आता चपलेचा अंगठा बघायला घेतला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. शहादेव, उत्तरेश्वर, गळ्यात हात बांधलेला पंडित, सगळे फळीवरून वाकून बघत होते. कोंबड्या सोडल्या तर सगळा ट्रक गप्प होता.

भिवराबाई ट्रकात उभी राहिली. कमरेला पदर खोचला. तोंड लालबुंद झालेलं.

"धर्मराज!" तिनं भोंग्याच्या आवाजात हाक मारली. "चढा आता!"

माझा हात हातात होता तो सोडून तो पळाला. फळीला हातसुद्धा न लावता उडी मारून वर चढला, त्याच गुडघ्यावर.