शनिवारचं विमान

दार उघडल्यावर साहेबकाका कधी 'या' म्हणत नसत. उंबरठ्यावरच अडवून तीन प्रश्न विचारत, "कशासाठी? किती दिवस? परत कधी?" उत्तरं दिली की मगच आत, तेही बूट बाहेर जिन्यात काढून. जर्मनीत आखनला शिकणारी आम्ही मराठी मुलं रविवारी त्यांच्याकडे वरणभाताला जायचो. बाकीच्यांना या चौकशीची गंमत वाटायची. माझं डोकं फिरायचं. जेवायला बोलवायचं आणि दारात झडती घ्यायची, ही कुठली रीत?

दर उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या लेस्टरहून त्यांची ताई यायची. तिलाही प्रश्न चुकले नव्हते. पण ती ठसक्यात सांगायची, "कायमची आले." मग काका म्हणायचे, "चपला आत ठेव." तो मान फक्त तिचा.

यामागचं कारण तिनंच मला सांगितलं. दोघं नैरोबीत जन्मलेली, वडील रेल्वेत कारकून, हातात ब्रिटिश पासपोर्ट. केनिया स्वतंत्र झाल्यावर नोकऱ्या जायला लागल्या, तेव्हा दोघांनी लंडनची तिकिटं काढली. ताईचं विमान बुधवारचं, काकांचं शनिवारचं. मधल्या दिवसांत तिकडे कायदा झाला, की ज्याचे आईबाप किंवा आजीआजोबा तिथले, त्यानंच बेधडक यावं. गोऱ्यांनीच यावं, असं सरळ लिहायची लाज वाटली असणार, दुसरं काय. ताई आत गेली. काकांना विमानतळावरूनच परत धाडलं, तर नैरोबीही घेईना. चार विमानतळांवर हिंडून हा माणूस जर्मनीत टेकला आणि यंत्रांच्या कारखान्यात लागला.

तीस-पस्तीस वर्षं राहूनही त्यांनी जर्मन पासपोर्ट घेतला नाही. "हा त्यांनीच दिलाय. मी का सोडू?" असं म्हणून तो जुना ब्रिटिश पासपोर्ट, त्यावर तिकडे राहायचा हक्क नसला तरी, नेमानं नवा करून घेत. लंडनला मात्र पाऊल टाकलं नाही. "त्या दारात पुन्हा उभा राहणार नाही." एवढा हट्टी म्हातारा मी दुसरा पाहिला नाही.

आमच्या व्हिसाच्या मुलाखतींची तयारी तेच करून घ्यायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलामागे अधिकारी होऊन बसायचे आणि इतकं खवचट विचारायचे की एकदा मी रडले. "आल्झो, हे बघ, रडून व्हिसा मिळत नाही," ते म्हणाले. "अधिकाऱ्यापुढे मन उघडायचं नाही, फाइल उघडायची."

मग ताईला कॅन्सर झाला. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा काकांनी मुकाट्यानं तिकीट काढलं. फाइल मी लावली. हॉस्पिटलचं पत्र, पेन्शनचा कागद, दहा दिवसांनंतरचं परतीचं तिकीट. त्यांच्याच टेबलामागे बसून मी विचारलं, "किती दिवस?" "दहा," ते म्हणाले. दहादा घोकून घेतलं.

लंडनच्या गाडीसाठी ब्रिटिश तपासणी ब्रसेल्सच्या स्टेशनातच होते. मी तिथवर सोबत गेले. अर्ध्या तासात काका ज्या दारातून आत गेले त्याच दारातून बाहेर आले. पासपोर्टात एक शिक्का होता आणि त्यावर पेनानं मारलेली फुली.

"काय विचारलं?"

"किती दिवस राहणार."

"मग?"

"म्हटलं, ती जाईपर्यंत."

परतीचा नेम नाही, इथेच राहून जाईल, असं म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. भर स्टेशनात मी ओरडले, "दहा म्हणायचं ठरलं होतं ना, काका?"

"तिच्या मरणाची तारीख मी द्यायची?" ते म्हणाले. मला त्या काउंटरवरच्या माणसाचा राग आला, कायद्याचा आला आणि सगळ्यात जास्त काकांचा आला. आखनपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्याची लाज अजून वाटते.

ताई त्यानंतर बाराव्या दिवशी गेली. कळल्यावर मी त्यांच्याकडे गेले. दार उघडून काका नुसते बाजूला झाले. काहीच विचारलं नाही.

मी बूट काढून जिन्यातच उभी राहिले. "विचारा ना, काका."

त्यांनी दार आणखी उघडलं.

माझा व्हिसा सहा आठवड्यांत संपत होता. पुण्याचं तिकीट काढून झालं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"कायमची आले," मी म्हटलं.

काका खाली वाकले आणि माझे बूट उचलून त्यांनी आत ठेवले.