नटीचा आवाज

नटीची आठवण म्हटल्यावर तुमी गजरा, अत्तर धरून बसला असाल. मला मात्र साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की ती आठवते.

दुष्काळानं ऊस वाळलेला, तरी बॉयलर पेटवायच्या कार्यक्रमाला चेअरमननी त्या म्हाताऱ्या नटीला आणलं. लोकं ओरडली, "बाई, तुमचा पिक्चरातला मरतानाचा डायलॉग म्हणा!" तिचा आवाजच फुटंना. मी माईकवाला, नकलांत वस्ताद. पडद्यामागून तिच्या तरुणपणीच्या आवाजात बोललो. ती नुसते ओठ हलवत राहिली. बाया रडल्या. स्टेजवरून उतरताना ती मला घोगऱ्या आवाजात म्हणाली, "राहू दे आता तुझ्याकडेच."

ती कवाच गेली. आवाज अजून माझ्या घशात हाय.

कार्यक्रमाच्या त्या दिवशी घरी हे सांगितलं, तशी आई कडाडली, "मुडद्या, जित्या बाईचा आवाज घेऊन आलास! आता ती कशानं बोलंल?"