वाढत्या अंगाची मोटोक्रॉस

शाळेत असताना माझा एकही कपडा माझ्या मापाचा नव्हता. सगळे वाढत्या अंगाचे. बाबा सरकारी कचेरीत होते, पण रविवारी डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत शिवणयंत्रावर बसून माझे फ्रॉक स्वतः शिवायचे आणि खालच्या दुमडीत चार बोटं कापड राखून ठेवायचे. दर जूनमध्ये थोडी दुमड उसवायची. जुन्या दुमडीची रेघ मात्र फ्रॉकवर तशीच राहायची, त्यामुळे रेघा मोजून माझं वय काढता आलं असतं. चौथीत मला सायकल मिळाली ती आठवीतल्या मुलीची. नववीत, पाच फुटांवर, मी वाढायची थांबले. ही बातमी बाबांनी अजून अधिकृतरीत्या स्वीकारलेली नाही.

आता मी चौतीस वर्षांची आहे. ठाण्याच्या कोर्टात भाषांतरं करते आणि रविवारी टिटवाळ्याच्या पुढे मातीच्या ट्रॅकवर मोटोक्रॉसची, म्हणजे उड्या मारायची, मोटरसायकल चालवते. हे काय खूळ, असं नातेवाईक विचारतात. आठवडाभर ‘सदर इसमाने’ आणि ‘वर नमूद केल्याप्रमाणे’ लिहिल्यावर माणसाला चिखलात उड्या माराव्याशा वाटल्या तर त्यात खूळ काय, हे मला कळत नाही.

उड्या मला जमतात. जमत नाही ते थांबणं. या गाड्यांची सीट माझ्या बरगड्यांपर्यंत येते. गाडी पळतेय तोवर पाय लोंबकळले तरी चालतं, पण उभं राहायचं म्हणजे एक पाय जमिनीला टेकायला हवा. मागच्या हिवाळ्यात ट्रॅकवर नवशिक्यांची शर्यत होती. मी भाड्याच्या गाडीवर रांगेत उभी होते. उभी म्हणजे, तोल धरून देवाचा धावा करत होते. झेंडा पडायच्या आत मी पडले आणि शेजारच्या दोघांना, सायकल स्टँडवरच्या सायकली आडव्या होतात तसं, सोबत घेऊन पडले. लाउडस्पीकरवर निवेदक आनंदानं ओरडला, “शर्यत सुरू व्हायच्या आधीच पहिला अपघात!” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या शर्यतीला स्वतःची गाडी आणि स्वतःच्या पायावर उभं राहायचं. नंबर काहीही येवो, झेंडा पडेपर्यंत मी पडायचं नाही.

गाडी बघायला बाबा आले. त्यांना मी बोलावलं नव्हतं, पण खरेदीला मला एकटीला पाठवायची आमच्या घरात पद्धत नाही. ठाण्याच्या त्या शोरूममध्ये गाड्या रंगमंचावर, दिव्यांच्या झोतात ठेवल्या होत्या. बाबांनी एका गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या.

“किल्ली कुठे लावायची हिला?”

“किल्ली नसते सर,” विक्रेता म्हणाला. “हॉर्न नाही, लाइट नाही, नंबर प्लेट नाही. प्युअर मशीन!”

“मग चोरानं नेली तर?”

“रस्त्यावर चालवताच येत नाही ना सर. त्यालाही टेम्पो करावा लागेल.”

हे उत्तर बाबांना पटलं. मला मात्र कोपऱ्यातली एक लहान चाकांची, बुटकी गाडी आवडली होती. मी तिच्याकडे जाताच विक्रेत्यानं आवाज खाली आणला. “मॅडम, ती मुलांसाठी आहे.”

“मग नकोच,” बाबा म्हणाले. “दोन वर्षांत लहान पडेल.”

“कोणाला, बाबा?”

ते हेडलाइट नसलेली जागा निरखू लागले.

विक्रेत्यानं मला मोठ्या गाडीवर बसवलं आणि मागून गाडी धरून ठेवली. समोर भिंतभर आरसा होता. “बघा मॅडम, कशी डॉमिनेट करतेय!” कोण कोणाला, ते त्यानं सांगितलं नाही. पाय अधांतरी होते, पण आरशात मी फारच भारी दिसत होते. आणि मग माझ्याच तोंडून शब्द आले, “होईल सवय.” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेले. म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली.

गाडी ताब्यात देण्याचा सोहळा झाला. लाल सॅटिनचं कापड ओढलं गेलं, केक कापला, आणि मॅनेजरनी फोटोसाठी माझ्या हातात तीन फुटी थर्माकोलची किल्ली दिली. किल्ली नसलेल्या गाडीची. मी तसं म्हटलं, तर ते हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाले, “मॅडम, कॅमेऱ्याकडे.” बाबांनी हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मातीत रुतणाऱ्या त्या टायरला बोटाएवढे रबरी खुंट असतात. गाडी पुढे ढकलली तेव्हा लिंबू दोन खुंटांच्या मध्ये बसून वर आलं, अगदी धडधाकट. बाबांनी ते काढून पुन्हा ठेवलं. तिसऱ्या खेपेला टेम्पोवाला म्हणाला, “काका, मी पायानं फोडू का?”

शर्यतीला तीन आठवडे होते. गाडी कल्याणला, या गाड्या चालवणाऱ्याच्या मापाला बसवून देणाऱ्या मेकॅनिककडे नेली. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं आधी सीटकडे पाहिलं. शोरूमचं प्लास्टिक बाबांनी काढू दिलं नव्हतं.

“ताई, वजन किती?”

“सेहेचाळीस.”

“असं नाय. बूट, हेल्मेट, सगळं घालून.”

म्हणून मी छातीला चिलखत, गुडघ्यांना वाट्या आणि डोक्यावर हेल्मेट घालून शेजारच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढले. “त्रेपन्न,” तो म्हणाला, आणि जरा विचार करून, “हेल्मेट प्लास्टिकमध्ये धरायचं का?”

मग मेकॅनिकनं मला गाडीवर बसवलं, बाबांना हँडल धरायला लावलं आणि मागच्या चाकापासून मडगार्डपर्यंत टेप लावला. माणूस बसला की गाडी साधारण चार इंच दबायला हवी, त्यानं समजावलं. माझ्याखाली ती जेमतेम दीड इंच दबली होती.

“मागची स्प्रिंग ऐंशी किलोच्या गड्यासाठी आहे. तुम्ही बसलात ते गाडीला अजून कळलंच नाय.”

माझा उजवा पाय जमिनीच्या वीतभर वर लोंबत होता. मला लाउडस्पीकरवरचा तो आवाज ऐकू आला.

“होईल ना काहीतरी?”

“नरम स्प्रिंग मागवतो. गाडी थोडी खाली बसवतो. तरी नाय टेकायचा पाय. सीटचा फोम कापायला लागंल.”

“कापायचा?” बाबांनी हँडल सोडलंच जवळजवळ. “अहो, नवी वस्तू! अजून प्लास्टिक निघालं नाही तिचं!”

“काका, सीट बसायला घेतली का बघायला?”

“आज कापली आणि उद्या हिला...” बाबा थांबले.

“उद्या मला काय, बाबा?” मी वरूनच म्हणाले. “मी आता वाढणार नाही.”

चिलखत घालून, अधांतरी बसून हे सांगणं फारसं भारदस्त नव्हतं. बाबा बराच वेळ माझ्या बुटाच्या आणि फरशीच्या मधल्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला.

“किती काढायचा?”

“दीड इंच.”

“मग कव्हर ढिलं पडेल.”

“स्टेपल मारतो ना.”

“स्टेपल नको. चुण्या पडतात. कव्हर माझ्याकडे द्या.”

प्लास्टिक त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं आणि घडी करून पिशवीत ठेवलं. घरी यंत्राच्या तीन सुया मोडल्या, मग बाकीचं त्यांनी दाभणानं हातानं शिवलं आणि कव्हर सीटवर चढवलंही स्वतःच. आईनं विचारलं, “कोणाचं काय शिवताय?” तर म्हणाले, “हिचंच.”

शर्यतीच्या दिवशी आम्ही अकराजण रांगेत होतो. मी सीटवर किंचित उजवीकडे सरकले आणि बूट खाली सोडला. चवडा टेकला. टाच नाही, पण चवडा पक्का टेकला. झेंडा पडायला त्यांनी काय वेळ लावला! निवेदकानं आधी पाहुण्यांची नावं घेतली, मग पाहुण्यांच्या कार्याची माहिती दिली. शेजारचा स्वार सारखा पाय बदलत होता. मी उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादं भाषण लांबलेलं चाललं.

मी नववी आले. माझ्या मागे राहिलेल्या दोघांपैकी एकाची चेन निसटली होती. कुंपणाशी बाबा थर्मास घेऊन उभे होते.

“टेकला?”

“टेकला.”

“मग झालं तर.”

दुपारी कल्याणला गाडी धुताना मेकॅनिकनं सीट काढून उलटी केली आणि हाक मारली, “काका, हे काय?” कव्हरच्या आतल्या बाजूनं, कडेकडेनं, दोन इंच कापड नीट दुमडून शिवलेलं होतं.

बाबा थर्मासचं झाकण लावत होते. “असू दे,” ते म्हणाले. “पुढे लागलं तर.”