आमच्याच ट्रॅक्टरचं सील

कंपनीचा ट्रॅक्टर किती बदलला की तो 'कंपनी फिटिंग' राहत नाही? मला नेमकं सांगता येत नाही. तुम्हाला येतं का?

तरी जत्रेतल्या ट्रॅक्टर शर्यतीचे नियम पंचांनी मलाच लिहायला लावले. मी लिहिलं: ताकद वाढवायला डिझेल पंपाचं सील तोडलं असेल, तर ट्रॅक्टर 'कंपनी फिटिंग' गटात नाही, खुल्या गटात.

आज तपासणीत पहिलं तुटलेलं सील आमच्याच ट्रॅक्टरचं निघालं.

"नांगरटीसाठी तोडलंय, शर्यतीसाठी न्हाई," माझा मोठा भाऊ, दादा म्हणाला.

शेजारचे सलीमचाचा हसले. "बेटी, माझा म्हातारा ट्रॅक्टर बी सील न तोडता नांगरच ओढतो की."

दादा चिडला. "तुला शिकवलं ते ह्याच्यासाठी का?"

"व्हय दादा, ह्याच्यासाठीच."

दादाचं नाव खुल्या गटात लिहून यादी मी देवळाच्या भिंतीवर चिकटवून आले.