एक्स-रे मशीनला हात जोडणारे आजोबा

आज दुपारी ईट गावचे एक आजोबा माझ्याकडे एक्स-रेला आले. वय नव्वदीच्या घरात, डोक्याच्या टाळूवर वर्षभर न भरलेली जखम. चपला दाराबाहेर काढून त्यांनी आधी मशीनला हात जोडले.

मी विचारलं, "आजोबा, हे कशासाठी?"

"लई उपकार हैत हिचे, ताई. निजामाच्या काळात माझ्या डोक्यात खवडे झालते. सोलापूरला किरणं मारली अन् समदं साफ झालं. मग आईनं धाकट्या बहिणीलाबी नेलं."

"त्या कुठं असतात?"

"गेली की. तिला मेंदूत गाठ झालती."

तेव्हा खवड्यांवर, म्हणजे डोक्यातल्या बुरशीच्या चट्ट्यांवर, एक्स-रेचे किरण देत आणि त्यातून पुढे कर्करोगाचा, मेंदूतल्या गाठींचाही धोका वाढतो, हे मी शिकले आहे. स्क्रीनवर जखमेखालचं हाड पोखरलेलं दिसत होतं. किरणांमुळेच झालं, हे सिद्ध करता येणार नाही. पण मला शंका नाही.

"तीच किरणं परत मारा की, ताई. तवा गुण आला, आता न्हाय येणार व्हय?"

"डॉक्टर सांगतील," एवढंच मी म्हणाले.

जखमेचं डॉक्टर सांगतील. बहिणीचं कुणीच सांगणार नाही. खरं कळून आता कुणीही वाचणार नाही. तुम्ही सांगितलं असतं?