चार्टवर मी ‘बडबड’ लिहिलं

भूत-भानामती म्हटलं की मला हसू येतं. आयुष्य रोग्यांच्या उशाशी गेलं, पण गेलेलं माणूस कधी परतलेलं पाहिलं नाही. तरी ही एक गोष्ट... लिहावी की नाही, यातच वर्षं गेली.

निजामाचं राज्य होतं. हिंगोलीतल्या एका लहानशा दवाखान्यात मी नवी नर्स. रोग्यांत एक करीमचाचा, आठवडी बाजारांतून बांगड्या विकायचे. काविळीनं डोळे हळदीसारखे झालेले, पोट टम्म. डॉक्टर म्हणाले होते, “लिव्हर बिघडलं की मेंदूवर चढतं, रोज तपासा.” म्हणून सकाळी त्यांना हात पुढे धरायला लावायचे, तोंडाचा वास घ्यायचा आणि विचारायचं — नाव काय, आज कुठला बाजार? तारीख-वार विचारून आमच्याकडे उपयोग नसे. बाजार मात्र सगळ्यांना पाठ.

चार दिवस चाचांनी बाजार बरोबर सांगितले. वर एकच हट्ट — “बाई, हलीमाला बोलवा. एकदा पाहतो तिला.” हलीमा त्यांची एकुलती लेक, कुरुंद्याला दिलेली. निरोप गेला होता.

पाचव्या सकाळी पुढे धरलेले पंजे झटके खाऊ लागले. तोंडाला गोडसर, कुबट वास. बाजार चुकला, स्वतःचं नावही भलतंच सांगितलं. मी चार्ट भरत होते, तोच ते शांतपणे म्हणाले, “हलीमा वढ्यात अडकून राहिली, बाई. गाडीचा आस मोडला. कुणाला तरी धाडा.”

“धाडते हं,” मी म्हणाले, लेकराची समजूत काढावी तसं. आणि लिहिलं — बडबड. बाहेर डॉक्टरांचा टांगा रिकामाच उभा होता. पण मला माझ्या तपासणीचा केवढा तोरा!

दुपारी चाचा गेले.

दिवस मावळताना हलीमा आली. चालत, गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत पोरगं. “दोन कोसांवर वढ्यात आस मोडला सकाळीच. मालक म्हणले थांब, आत्ता बसवतो. त्यातच दिवस गेला, बाई.”

त्या रस्त्यानं दिवसभरात दवाखान्यात कुणीच आलं नव्हतं, मी चौकशी केली. पुढे एका डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले योगायोग. असेलही.

हलीमानं वडिलांच्या तोंडावरून हात फिरवला. मग मला विचारलं, “अब्बा माझ्यासाठी काई बोलले का?”

“नाही गं. गुंगीतच गेले.”

चाचांना ते कसं कळलं, हे मला आजही सांगता येत नाही. तिला मी खोटं का सांगितलं, ते मात्र सांगता येतं. मी भ्याले.