खिडक्यांच्या फटी आणि आईची उदबत्ती

अटलांटाजवळच्या आमच्या पहिल्या घरातला तो उन्हाळा. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं, मला आठवा महिना होता आणि बाळंतपण करायला आई नागपूरहून आली होती. बॅग उघडायच्या आधीच तिने फर्मान काढलं: बाळंतिणीला गार वारा चालत नाही, तेव्हा बाळ घरी आलं की एसी बंद. जमत नसेल तर ती आपली परत जाणार.

आणि नवऱ्याने नेमका तेव्हाच नवा कोरा एसी बसवलेला. कमी वीज खाणारा, म्हणून महागडा. असल्या खर्चावर सरकार टॅक्समध्ये क्रेडिट, म्हणजे सूट, देतं असं कुठेतरी ऐकून स्वारी भलतीच खुशीत होती.

आई जुन्या वळणाची, जावयाशी थेट बोलायची नाही. तो समोर जेवत असला तरी मला म्हणायची, त्यांना भाजी हवी का विचार. तोही मलाच सांगायचा, आईंना सांग, पुरे. एसीचं भांडणसुद्धा माझ्यामार्फतच चाललं. एवढं पोट घेऊन मी दोघांचे निरोप पोचवत होते, वैताग नुसता! आणि आतून भीती वाटायची. ही खरंच गेली तर या परक्या देशात पहिलं बाळ मी एकटी कशी सांभाळणार होते?

त्यात एक अकाउंटंट काका जेवायला आले आणि म्हणाले, एसीला क्रेडिट नाही. खिडक्यादारांच्या फटी बुजवा, माळ्यावर इन्सुलेशन घाला, त्याला आहे. नवऱ्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मला मेलीला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी तो फोमच्या पट्ट्या घेऊन आला, पण फटी काही सापडेनात. संध्याकाळी आई दिवा लावून नेहमीसारखी घरभर उदबत्ती फिरवत होती. हॉलच्या बंद खिडकीपाशी धूर एकदम वाकला. नवरा ताडकन उठला. मला म्हणाला, आईंना तिथेच थांबायला सांग, आणि पट्टी घेऊन धावला. मग काय, आई उदबत्ती घेऊन पुढे, हा पट्ट्या चिकटवत मागे. मी सोफ्यावर पाय वर घेऊन मजा बघत बसले. बेडरूमच्या खिडकीशी आई चक्क त्याच्याकडे बघून बोलली, "अहो, इथे खालून येतंय."

त्या दोघांच्या ते लक्षातही आलं नाही. माझे मात्र डोळे भरून आले.

नवऱ्याने पट्ट्यांच्या पावत्या जपून ठेवल्या. उदबत्तीचा पुडा खर्चात धरता येईल का, असंही काकांना फोन करून विचारलं. काका बराच वेळ हसत होते म्हणे.

मुलगी झाली. घरी आल्यावर आईने माझे कान स्कार्फने घट्ट बांधले आणि आपल्या फर्मानाप्रमाणे एसी बंद केला. फटी बुजल्यामुळे सकाळी घर बरं असायचं, पण दुपारी जीव नकोसा व्हायचा. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर आईने बॅग भरायला घेतली असती.

एका दुपारी बाळाच्या मानेवर घामोळं उठलं. आईने ते पाहिलं आणि माझ्याकडे न बघता सरळ नवऱ्याकडे वळली.

"जावईबापू, लावा ते तुमचं यंत्र. माझ्या नातीला उकडतंय."

थंडी पडेपर्यंत आई राहिली. माझा स्कार्फही तोवर सुटला नाही.